थॉमस सांकारा : कापूसवाल्यांनी वारंवार विचारलेले प्रश्न

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयात शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर बैठक भरते. येणारी माणसं सगळी कापूस-तूरवाली. कोणी वावरातून सरळ येतं, तर कोणी लेकराला खांद्यावर घेऊन. मागच्या वर्षभरात मी तिथं थॉमस सांकारा या माणसाबद्दल पाच-सहा वेळा बोललो. दर वेळी तेच प्रश्न आले, म्हणून ते आणि त्यांची उत्तरं एका जागी लिहून काढली. शेजारच्या गावांतूनही कागद मागवले जातात, त्यांनाही उपयोगी पडेल. प्रश्न ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत ठेवले आहेत.

हा सांकारा कोण, अन् आपल्याले त्याचं काय?

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे. ४ ऑगस्ट १९८३ ते १५ ऑक्टोबर १९८७ अशी चार वर्षं आणि वर काही आठवडे तो तिथला राष्ट्रपती होता. गादीवर बसला तेव्हा वय ३३, मारला गेला तेव्हा ३७.

आपल्याला त्याचं काय, हे माझ्यापुरतं सांगतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी खाल्ली. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्या हिवाळ्यात बोंडं फोडून किडके दाणे बघत बसण्यापलीकडे हाताला काम नव्हतं. जगात आणखी कुठं कापूस होतो आणि तिथल्या कास्तकाराचं कसं चाललंय, हे मी वाचायला लागलो. वाचता वाचता बुर्किना फासो आला आणि त्यामागून हा माणूस. तेव्हापासून तो डोक्यातून गेला नाही.

तो देश आहे तरी कसा?

आकारानं आपल्या महाराष्ट्राहून थोडा लहान. समुद्र कुठंच लागत नाही. पावसाळा आपल्यासारखाच, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, पुढं कोरडं. उत्तरेला सहाराच्या कडेचा पट्टा, तिथं पावसाचा भरवसा नाही. पिकं ऐकाल तर घरचीच वाटतील: ज्वारी, बाजरी, भुईमूग, कापूस. ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा कालवणात बुडवून खातात, तेच रोजचं जेवण.

१९६० पर्यंत तिथं फ्रान्सचं राज्य होतं, नाव होतं अप्पर व्होल्टा. सांकारानं ४ ऑक्टोबर १९८४ ला संयुक्त राष्ट्रांत भाषण करताना आपल्या देशाची स्थिती लपवली नाही. ७० लाख लोक, त्यांतले ६० लाखांवर शेतकरी. हजारी १८० बालमृत्यू. सरासरी आयुष्य ४० वर्षं. शंभरातल्या ९८ जणांना अक्षरओळख नाही, आणि ५०,००० माणसांमागे एक डॉक्टर. तो काय करत होता आणि त्याला एवढी घाई का होती, हे या आकड्यांशिवाय कळत नाही.

गरिबाघरचा होता का?

अगदी हातावर पोट असलेल्या घरचा नव्हता. वडील सरकारी नोकरीत होते, आधी फ्रेंच सैन्यात. जन्म २१ डिसेंबर १९४९, याको गावी. घरच्यांना वाटे पोरानं पाद्री व्हावं, पण तो सैन्यात गेला. अधिकारी होण्याचं शिक्षण त्याला मादागास्करमध्ये मिळालं. १९७२ साली तिथं विद्यार्थी आणि शेतकरी रस्त्यावर आले आणि सरकार कोसळलं. ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. १९७४ मध्ये शेजारच्या मालीशी झालेल्या चकमकीत त्याचं नाव झालं. पुढं त्यानंच ती लढाई निरर्थक होती असं सांगितलं.

१९७६ मध्ये मोरोक्कोत प्रशिक्षणाला असताना त्याला ब्लेझ काँपाओरे भेटला. दोघं भावासारखे झाले. सांकाराच्या आईवडिलांच्या घरी ब्लेझ मुलासारखा वावरायचा. हे नाव ध्यानात ठेवा.

निवडून आला होता का?

नाही. हा प्रश्न दर वेळी येतो आणि मी त्याला बगल देत नाही.

सप्टेंबर १९८१ मध्ये लष्करी सरकारनं त्याला माहिती खात्याचा मंत्री केलं. पहिल्या बैठकीला तो सायकलनं गेला. वर्तमानपत्रांना मोकळं सोडलं, घोटाळे छापू दिले. सरकारनं तोंड बांधायला सुरुवात केली तसा एप्रिल १९८२ मध्ये त्यानं जाहीरपणे राजीनामा दिला आणि म्हणाला, ‘जे आपल्या लोकांचं तोंड बांधतात त्यांचा धिक्कार असो.’ हे वाक्य पुढं पुन्हा लागणार आहे.

नोव्हेंबर १९८२ मध्ये सत्ता पुन्हा उलटली आणि जानेवारी १९८३ मध्ये तो पंतप्रधान झाला. चार महिन्यांत, १७ मे रोजी, त्याला पकडून नजरकैदेत टाकलं. राजधानी वागाडूगूत पोरं रस्त्यावर आली. दक्षिणेला पो नावाच्या गावी ब्लेझ काँपाओरेची कमांडो तुकडी होती, ती मानली नाही. ४ ऑगस्टच्या रात्री ती तुकडी राजधानीत घुसली आणि सांकारा राष्ट्रपती झाला. म्हणजे त्याला खुर्ची मिळाली ती बंदुकीनं, आणि मित्राच्या बंदुकीनं. लोक आनंदानं नाचले हे खरं, पण मत कोणी टाकलं नव्हतं.

तो भारतात आला होता म्हणतात, खरं का?

खरं आहे. मार्च १९८३ मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली होती, अध्यक्ष इंदिरा गांधी. सांकारा पंतप्रधान म्हणून आला होता. फिडेल कास्त्रोशी त्याची पहिली भेट तिथंच झाली. परत गेल्यावर दोन महिन्यांत तो कैदेत होता.

चार वर्षांत असं केलं तरी काय?

देशाचं नाव बदललं, तिथून सांगतो. ४ ऑगस्ट १९८४ ला अप्पर व्होल्टाचं बुर्किना फासो झालं. दोन निराळ्या भाषांतले शब्द जोडून केलेलं नाव, अर्थ सरळ माणसांचा देश. फ्रेंचांनी नदीवरून दिलेलं नाव गेलं आणि लोकांच्या तोंडातल्या बोलीतलं आलं.

मग लसीकरण. १९८४ च्या शेवटी काही आठवड्यांत जवळपास २५ लाख मुलांना गोवर, मेंदूज्वर आणि पीतज्वराची लस टोचली गेली. बाहेरच्या तज्ज्ञांना हे इतक्या लवकर होईल असं वाटत नव्हतं. क्रांतीचं काम चालवायला गावागावांत तिथल्याच लोकांच्या क्रांतिरक्षण समित्या केल्या होत्या, त्यांनी निरोप पोचवले, आयांनी लेकरं पाठीला बांधून रांगा लावल्या. सीमेपलीकडच्या आयाही आल्या. आमच्या बैठकीत अंगणवाडीच्या एक ताई बसतात. एका गावात दोनशे लेकरं एका दिवशी जमवायला काय यातायात पडते ते त्यांना ठाऊक आहे. हा आकडा ऐकून त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत.

वाळवंट पुढं सरकत होतं म्हणून झाडं लावली. पंधरा महिन्यांत एक कोटी, असं त्यानं स्वतः सांगितलं होतं. लग्न असो की बारसं, झाड लावायचं. १९८५ पासून तीन गोष्टींविरुद्ध मोहीम: रानाला लावलेली आग, बेसुमार वृक्षतोड आणि मोकाट गुरं. मोकाट गुरांचं नाव काढलं की आमच्या बैठकीत माना हलतात. रात्र रात्र धुऱ्यावर जागलेली माणसं आहेत ही.

रेल्वेला जागतिक बँकेनं पैसा दिला नाही. लोकांनी हातांनी रूळ टाकले, वागाडूगूपासून कायाच्या दिशेनं. कारकून, विद्यार्थी, बाया, सगळे पाळीपाळीनं जात. आपल्याकडं मूर्तिजापूर ते यवतमाळ शकुंतला धावायची, ती इंग्रजी कंपनीनं कापूस ओढून न्यायला टाकली होती. कोणाचा माल कुठं जावा म्हणून रूळ पडतात, हा फरक आमच्या जुन्या माणसांना न सांगता कळतो.

गावच्या सरदारांना लोक वेठ आणि नजराणा देत, तो बंद केला. डोईपट्टी रद्द केली. जमीन राष्ट्राची केली. १९८५ हे वर्षभर शहरातलं घरभाडं माफ केलं.

सरकारी मर्सिडीज गाड्या विकून मंत्र्यांना रेनॉ ५ दिल्या, त्या वेळची तिथली स्वस्तातली गाडी. पुढाऱ्यांनी आपली मालमत्ता लोकांसमोर जाहीर करायची, हा नियम त्यानं आधी स्वतःला लावला. एक राहतं घर, त्याचं कर्ज फिटायचं होतं. सायकली, गिटारी, घरातल्या चार वस्तू. तो गिटार वाजवायचा, राष्ट्रगीताचे शब्दही त्याचेच.

ते कापडाचं काय? खादीसारखंच होतं का?

बैठकीत सर्वांत जास्त वेळ यावर जातो, आणि जावाच.

फासो दान फानी म्हणजे मायदेशात विणलेलं कापड. चिंचोळ्या पट्ट्या हातमागावर विणायच्या आणि एकमेकींना शिवून कापड करायचं. कताई बाया करत, विणकामाच्या सहकारी संस्थाही बायांच्या निघाल्या. सांकारानं सरकारी नोकरांना हे कापड घालणं सक्तीचं केलं. स्वतः परदेशात गेला तरी अंगावर तेच. जुलै १९८७ मध्ये आदिस अबाबाच्या परिषदेत आफ्रिकेच्या पुढाऱ्यांसमोर उभा राहून त्यानं सांगितलं की माझ्या शिष्टमंडळाच्या अंगावरचा प्रत्येक धागा आमच्या कास्तकारानं पिकवला, आमच्याच माणसांनी कातला आणि विणला.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची ज्यांनी वारी केली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. पण मला एक फरक दिसतो. गांधीजींनी चरखा लोकांच्या मनावर सोडला, सांकारानं हुकूम काढला. झालं असं की कचेरीत एक सदरा टांगून ठेवलेला असे. राष्ट्रपती येतोय अशी बातमी आली की घाईघाईनं तो अंगात चढवायचा. लोकांनी त्या कपड्याचं नावच ठेवलं होतं, ‘सांकारा आला’. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. कल्पना इतकी खरी, आणि ती माणसाच्या मनात उतरायच्या आधीच अंगावर चढवली गेली.

कापसाच्या खरेदीचंही विचारतात. तिथं १९७९ पासून सोफिटेक्स ही कंपनी कापूस घेत होती, त्यात सरकार आणि फ्रेंच भांडवल दोन्ही. आपल्याकडं १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, जवळपास तसंच: एकच घेणारा, भाव तोच ठरवणार. रुई बहुतेक सगळी परदेशी जायची. सांकाराला खुपत होतं ते हेच. सरकी, रुई, सूत, कापड या प्रत्येक पायरीवर पैसा आहे आणि आपला माणूस पहिल्याच पायरीवर उभा आहे. आम्ही गाडी घेऊन जिनिंगपुढं रांगेत उभे राहतो आणि तिथून हात हलवत परततो. त्यामुळं हे त्यानं आमच्यासाठीच म्हटल्यासारखं वाटतं.

बायांसाठी काय केलं?

बचत गटाच्या ताई हे हमखास विचारतात. बायांना मंत्री केलं, सैन्यात घेतलं, त्याच्या रक्षकांत मोटरसायकलवरच्या बाया होत्या. जबरदस्तीची लग्नं आणि मुलींच्या अंगच्छेदाच्या चालीविरुद्ध मोहीम उघडली. २२ सप्टेंबर १९८४ ला एक दिवस ठरवला. त्या दिवशी बाजाराला पुरुषांनी जायचं, रांधायचंही त्यांनीच. भाव काय असतो, पाणी किती लांबून येतं, ते एकदा बघा म्हणून. एका दिवसानं काय होतं, असं एका दादांनी विचारलं. ताई म्हणाल्या, ‘त्या एका दिवसाचाच हिशोब द्या ना भाऊ.’

इतकं चांगलं चाललं होतं, तर पडला कसा?

खरं उत्तर लांब आहे. बहुतेक ठिकाणी ते एका ओळीत उरकतात, की फ्रान्सनं आणि मित्रानं घात केला. मित्रानं केलाच. फ्रान्स आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टचे राष्ट्रपती ऊफुए-ब्वान्यी यांना तो नको होता, यातही शंका नाही. पण आत काय झालं होतं ते बघितल्याशिवाय तो घात का पचला हे समजत नाही.

पहिलं, क्रांतिरक्षण समित्या. लसीकरण आणि झाडं लावणं यांच्याच जोरावर झालं. पण त्याच पोरांच्या हाती बंदुका दिल्या होत्या. काही ठिकाणी त्यांनी जुने हिशोब चुकते केले, लोकांना धाक घातला. सांकारानं स्वतः त्यांची उघड कानउघाडणी केली, पण हाती दिलेली बंदूक भाषणानं परत येत नाही.

दुसरं, लोकन्यायालयं. भ्रष्ट मंत्री-अधिकाऱ्यांचे खटले तिथं उघड्यावर चालत, रेडिओवर ऐकवले जात. चोरलेला पैसा परत घेतला हे चांगलंच झालं. पण आरोपीला वकील नाही. आपलं म्हणणं मांडायला शिकलेला माणूस मिळू नये, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. जून १९८४ मध्ये कटाच्या आरोपावरून सात जणांना गोळ्या घातल्या, त्याचा डाग पुसला गेला नाही.

तिसरं, आणि मला सर्वांत लागलेलं, मास्तरांचं. मार्च १९८४ मध्ये शिक्षकांनी संप केला. सरकारनं हजारावर शिक्षक एका फटक्यात काढून टाकले. त्यांच्या जागी कमी शिकलेली, घाईनं तयार केलेली पोरं बसवली. ज्या देशात शंभरातल्या ९८ जणांना वाचता येत नव्हतं तिथं! माझे वडील शाळामास्तर होते, म्हणून मला हे जास्त टोचत असेल. पण बघा, ‘जे आपल्या लोकांचं तोंड बांधतात त्यांचा धिक्कार’ असं म्हणून मंत्रिपद सोडणारा हाच माणूस. दोन वर्षांत त्याच्या राज्यात संघटनेचे पुढारी तुरुंगात होते आणि विरोधी वर्तमानपत्राला जागा नव्हती.

चौथं, डिसेंबर १९८५ मधली मालीबरोबरची लढाई. पाचच दिवस चालली, पण माणसं मेली आणि गरीब देशाचा पैसा जळाला. सीमेचा निकाल पुढच्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं दिला, वादाचा पट्टा दोघांत वाटून.

या सगळ्यानं झालं काय, तर सरदार दुखावले, नोकरदारांचा पगार कापला गेला, मास्तर गेले, कामगार संघटना तुटल्या. खेड्यातला कास्तकार त्याचा होता, पण तो पांगलेला, राजधानीपासून दूर. जवळ उरले ते सैन्यातले साथी. त्यात चौघं मुख्य: सांकारा, ब्लेझ काँपाओरे, लिंगानी आणि झोंगो. राज्याला टेकू म्हणून एवढेच चार खांब, आणि चारही बंदुकीचे. त्याला ‘साहेब, इथं चुकतंय’ असं म्हणू शकणारे मास्तर, संघटनावाले, पत्रकार यांना त्यानं स्वतःच दूर केलं होतं. हात स्वच्छ होते म्हणून तो मला प्यारा आहे. पण हात स्वच्छ असलेल्या माणसालाही ‘नाही’ म्हणणारं कोणी जवळ लागतं, आणि ते कोणी त्याच्याजवळ नव्हतं. ज्यांनी कोणी सांगायला हवं होतं ते घरी बसले होते, नाहीतर तुरुंगात.

त्याला हे शेवटी कळत होतं असं मला वाटतं. १९८७ मध्ये तो थांबून मागं बघायची भाषा करू लागला होता. काढलेल्या शिक्षकांना परत घेणं सुरू झालं होतं. लोकांना सोबत घेऊन एक पाऊल टाकलेलं बरं, त्यांना मागं सोडून शंभर पावलं नकोत, असं बोलत होता. वेळ उरला नव्हता.

कर्जाचं ते भाषण काय होतं?

२९ जुलै १९८७, आदिस अबाबा. तो म्हणाला, आपण कर्ज फेडलं नाही तर सावकार मरणार नाहीत, फेडलं तर मात्र आपण मरू. सगळ्यांनी मिळून नकार द्या, कारण एकट्या बुर्किना फासोनं नाही म्हटलं तर पुढच्या परिषदेला मी इथं नसेन. अडीच महिन्यांनी तो नव्हता.

यवतमाळ जिल्ह्यात हे भाषण वाचून दाखवलं की वाचनालयात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. ज्यांच्या घरातून माणूस गेला अशी कुटुंबं समोर बसलेली असतात. तरी मी दर वेळी सांगतो की तो देशांच्या कर्जाबद्दल बोलत होता, वसाहतवाल्यांनी उभ्या केलेल्या कर्जाबद्दल. आपलं सोसायटीचं पीककर्ज आणि ते एक नाही. आपली बँक बुडाली तर उद्याचं बी कशानं आणायचं? एक धागा मात्र तोच आहे. एकटा माणूस कर्जापुढं उभा राहिला तर मोडतो. ऐंशीच्या दशकात, सांकारा तिकडं राज्य करत होता त्याच काळात, आमच्या गावची माणसं शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावून रस्त्यावर बसत होती. त्यांनाही तेच ठाऊक होतं.

मित्रानंच मारलं, हे नक्की?

कोर्टानं तसं ठरवलं आहे.

१५ ऑक्टोबर १९८७, गुरुवार, दुपार. वागाडूगूत कोन्सेई द लांतांत नावाचं सरकारी आवार आहे. तिथं त्याची साथीदारांसोबत बैठक सुरू झाली होती. अंगावर व्यायामाचे कपडे होते. बाहेर गोळ्या सुटल्या. त्या खोलीतून वाचलेल्या एकमेव माणसानं सांगितलं आहे की सांकारा उठला, बाकीच्यांना आतच राहा म्हणाला, ‘त्यांना मी हवाय’, आणि हात वर करून बाहेर गेला. तो आणि आणखी बारा जण मारले गेले. रातोरात शहराबाहेरच्या कब्रस्तानात पुरलं. दाखल्यावर मरणाचं कारण लिहिलं: नैसर्गिक मृत्यू.

ब्लेझ राष्ट्रपती झाला. सांकारानं आधीच म्हणून ठेवलं होतं, ब्लेझ माझ्याविरुद्ध उठतोय असं ऐकलंत तर मला सांगायला धावू नका, तेव्हा फार उशीर झालेला असेल. जवळच्या माणसांनी सावध केलं होतं, पण त्यानं मित्रावर हात टाकला नाही. चौघांतल्या उरलेल्या दोघांना, लिंगानी आणि झोंगो यांना, ब्लेझनं सप्टेंबर १९८९ मध्ये गोळ्या घातल्या.

मग शिक्षा झाली का?

झाली, पण किती उशिरा ते ऐका. सांकाराची पत्नी मरियम आणि दोन मुलं देश सोडून गेली. १९९७ मध्ये तिनं तक्रार दाखल केली. देशातल्या कोर्टांनी दाद दिली नाही, तेव्हा प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढं गेलं. २००६ मध्ये समितीनं तिच्या बाजूनं मत दिलं. तरी ब्लेझ खुर्चीत होताच, २७ वर्षं. ऑक्टोबर २०१४ मध्ये मुदत वाढवण्यासाठी त्यानं घटना बदलायला घेतली आणि लोकांनी संसद पेटवली. ३१ ऑक्टोबरला तो पळाला.

त्या उठावात पुढं असलेल्या एका संघटनेचं नाव होतं ‘नागरिकांचा झाडू’. गायकांनी सुरू केलेली. पोरं खरोखर झाडू घेऊन रस्त्यावर आली होती, आणि सांकाराचे फोटो घेऊन, त्यातल्या कित्येकांचा जन्म त्याच्या मरणानंतरचा. गाडगेबाबांच्या अमरावती जिल्ह्याला लागून राहणाऱ्या आम्हा लोकांना झाडूचा अर्थ सांगावा लागत नाही.

२०१५ मध्ये कबर उकरली. खटला ऑक्टोबर २०२१ मध्ये उभा राहिला, निकाल ६ एप्रिल २०२२ ला: ब्लेझ काँपाओरे, त्याचा उजवा हात जनरल द्येंदेरे आणि मारेकरी तुकडीचा म्होरक्या काफांदो यांना जन्मठेप. ब्लेझ आयव्हरी कोस्टमध्ये होता, कोर्टात आलाच नाही. ३५ वर्षं त्या बाईनं वाट पाहिली.

त्याच्या देशात बीटी कापूस आहे का?

होता. सांकाराच्या वेळी नाही, ब्लेझच्या काळात. २००८ पासून व्यापारी लागवड सुरू झाली, आपल्याकडं २००२ मध्ये आलेलं तेच तंत्र. अळी कमी झाली, फवारण्या घटल्या, पण धागा आखूड यायला लागला. बुर्किनाच्या कापसाची पत धाग्याच्या लांबीवरच होती, भाव पडला. २०१६ मध्ये तिथल्या कंपन्यांनी बीटी सोडून दिलं. याचा अर्थ बीटी वाईटच असा काढू नका, तो तिथल्या वाणाशी जुळला नाही एवढं खरं. मात्र सोडायचं ठरवून एक देश सोडू शकला, हे मला त्या किडक्या बोंडांच्या हिवाळ्यात वाचायला मिळालं होतं.

मोबाईलवर त्रावरेचे व्हिडिओ येतात. तो दुसरा सांकारा आहे का?

पोट्ट्यांचा हा पहिला प्रश्न असतो. कॅप्टन इब्राहिम त्रावरेनं ३० सप्टेंबर २०२२ ला बुर्किना फासोची सत्ता घेतली, तेव्हा वय ३४. तो सांकाराचं नाव घेतो, फ्रेंच सैन्य त्यानं घालवलं. देशाचा मोठा भाग आज सशस्त्र जिहादी गटांच्या हिंसेत आहे आणि लाखो लोक घरदार सोडून गेले आहेत. टीका करणाऱ्या पत्रकार, वकील, कार्यकर्त्यांना उचलून सक्तीनं लढाईला पाठवल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. व्हिडिओंतले पुष्कळसे संगणकावर बनवलेले असतात, त्यांवर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर, सांकाराचा लाल टोप घालणं सोपं आहे. त्याच्या चुकांपैकी सर्वांत महाग पडलेली चूकच हा पुन्हा करतोय असं मला दिसतं, आणि काळजी वाटते.

आपल्या जांबुवंतरावांसारखा होता म्हणा की?

वयस्क मंडळी हटकून म्हणतात. विदर्भवीर जांबुवंतराव धोटे इथलेच, यवतमाळचे. सभा उठवणारा आवाज, दाढी, लोकांचं वेड, हे बघता आठवण येणं साहजिक आहे. पण जांबुवंतराव मतांवर विधानसभेत आणि लोकसभेत गेले, आणि लोकांनी पाडलं तेव्हा घरी आले. २०१७ पर्यंत ते आपल्यात होते. पडलेला पुढारी म्हातारा होऊन चौकात लोकांशी बोलताना दिसतो, ही सोय मतपेटी देते. सांकाराच्या देशात ती सोय त्यानंही केली नव्हती.

त्याची समाधी कुठं आहे?

उकरलेली हाडं आधी बरीच वर्षं तपासणीत आणि खटल्यात होती. २३ फेब्रुवारी २०२३ ला त्याला आणि त्या बारा जणांना पुन्हा मातीत ठेवलं, ते त्याच आवारात, जिथं गोळ्या सुटल्या होत्या. आता तिथं मोठं स्मारक आहे, गांदो गावातून पुढं आलेले त्यांचेच वास्तुकार फ्रान्सिस केरे यांनी रचलेलं. मे २०२५ मध्ये ते खुलं झालं.

माती देण्याच्या दिवशी मरियम आणि मुलं आली नव्हती. ज्या जागी त्याला मारलं तिथं त्याला पुरू नका, दुसरी कोणतीही जागा बघा, एवढंच त्यांचं मागणं होतं.